पंचवीस टक्क्यांतली मुलं नववीत कुठे जातात?

उंबरकाठ

आरटीईच्या पंचवीस टक्क्यांवर, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब-वंचित घरांतल्या मुलांसाठी राखलेल्या जागांवर, इथे दरवर्षी एखादा तरी धागा निघतो, पण तो पहिल्या प्रवेशापुरताच. अर्ज कधी सुटणार, नकाशावर शाळेचं अंतर कसं दाखवायचं, भाडेकरार नोंदणीकृतच लागतो का, सोडतीत नाव आलं की पडताळणीला कुठे जायचं. मला दुसऱ्या टोकाबद्दल लिहायचंय. कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांचा, त्यामुळे फी माफ ती आठवीपर्यंतच. आठवीचा निकाल लागला की त्याच शाळेत, त्याच बाकावर बसायला नववीची पूर्ण फी मोजावी लागते. आपल्याकडच्या पहिल्या तुकड्या आठवी ओलांडून कधीच पुढे गेल्या. त्या गेल्या कुठे, हे कुणी विचारलं का?

मी पिंपरी-चिंचवडमधल्या एका वस्तीत पालकांचे अर्ज भरून द्यायला मदत करते. संस्था वगैरे काही नाही, आम्ही काही बायका मिळून करतो. आमच्याकडचं चित्र असं की एखादं घर कर्ज काढून नववी-दहावी तिथेच रेटतं. बाकीचे दाखला काढून जवळच्या अनुदानित शाळेत नाव घालतात. आठ वर्षं इंग्रजीत इतिहास-भूगोल शिकलेलं पोर एकदम मराठीतून किंवा सेमीतून दहावीच्या तोंडावर येतं. त्यात काहीजण मागे पडतात. मग शेजारपाजारचे म्हणतात, एवढ्या मोठ्या शाळेत जाऊन शेवटी काय केलं?

आता आठवीपर्यंतचं. फी माफ म्हणजे खर्च माफ असा समज आहे. कायद्यात पुस्तकं आणि गणवेशही मोफत धरलेत, पण प्रत्यक्षात कुठे काय मिळतं ते पालकच जाणतात. सहल 'ऐच्छिक', गॅदरिंगचा ड्रेस 'ऐच्छिक', पण न जाणारं पोर वर्गात एकटंच असतं. प्रोजेक्ट हा तर मोठाच विनोद. दुसरीतल्या मुलाला ज्वालामुखी बनवायला सांगतात. तो पालक बनवतात हे बाईंना ठाऊक, पालकांना ठाऊक, मुलाला पण ठाऊक. आमच्या चौकातला झेरॉक्सवाला थर्माकोलचे ज्वालामुखी तयारच ठेवतो, रंग मारून, नाव लिहायला जागा सोडून. ज्या आईने दोन धुणीभांडी सोडून तो विकत आणला तिच्या मुलाला शेरा मिळतो की यात मुलाचा सहभाग दिसत नाही. ज्या घरात बाबांनी यूट्यूब बघून खायचा सोडा आणि व्हिनेगरचा फेस काढून दाखवला, ते मूल 'क्रिएटिव्ह'.

शाळांची बाजू पूर्ण खोटी आहे असं मी म्हणणार नाही. सरकार एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये देतं, तेही वेळेवर पोचत नाहीत, थकबाकीवरून दरवर्षी आंदोलनं होतात. पण सरकारवरचा राग निघतो तो शेवटच्या बाकावर.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियमच बदलला होता, आठवत असेल. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला पंचवीस टक्क्यांतून सूट. शहरात एक किलोमीटरमध्ये अशी शाळा नसेल असं ठिकाण शोधून दाखवा! उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्दच केला. त्या मधल्या महिन्यांत माझ्याकडे येणाऱ्या आया एकच विचारत होत्या, आता आमच्यासाठी परत झेडपी-मनपाच का?

शाळा शिकवते किती आणि घरातून आणलेलं मोजते किती, यावर तुमचे अनुभव वाचायचेत. शिक्षक मंडळी असतील तर त्यांनी जरूर लिहावं.

रोखठोक

धागा चांगला आहे पण सूर नेहमीचाच. शाळेला दोष द्यायचा, शिक्षकाला द्यायचा, प्रोजेक्टला द्यायचा. ज्याच्यात धमक असते तो कुठूनही वर येतो. माझे आजोबा कोकणातून पुण्याला आले ते हातात पत्र्याची ट्रंक घेऊन. वार लावून जेवले, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला, मॅट्रिकला वरच्या नंबरात आले. घरात कुणी 'क्रिएटिव्ह' वगैरे नव्हतं, आजीला सही येत नव्हती.

आणि एक किलोमीटरमध्ये मनपाची शाळा असताना सरकारने खासगी शाळेला पैसे का द्यावेत, हे मला अजूनही कळलेलं नाही. ते पैसे मनपाच्या शाळेवर खर्च करा की.

चिवचिव

+१ उंबरकाठ. ज्वालामुखी आमच्याकडेही झाला. फेस छतापर्यंत गेला. मार्क नवऱ्याला मिळाले.

खडूफळा

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, तालुका सांगत नाही. तुमच्या पंचवीस टक्क्यांवर मी काय बोलणार, आमच्या गावाच्या पंचक्रोशीत पंचवीस टक्के ठेवायला खासगी शाळाच नाही. पण घरातलं आणि शाळेतलं यांचा हिशेब आमच्याकडे कसा होतो ते सांगतो.

आमचं शैक्षणिक वर्ष कागदावर जूनमध्ये सुरू होतं आणि एप्रिल-मेमध्ये संपतं. गावाचं वर्ष वेगळं. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या मुकादमाची गाडी येते. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, ती फेडायला कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, फडावर जाते. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, मार्च म्हणा, कधी एप्रिल, माघारी येणं नाही. दिवाळीपर्यंत माझ्या वर्गात बेरीज-वजाबाकी पक्की होते, गुणाकार सुरू होतो, आणि अर्धा वर्ग उठून जातो. परत येतात तेव्हा पुस्तकातले भागाकार, अपूर्णांक सगळं होऊन गेलेलं असतं. पोरगं वरच्या वर्गात जातं. पुढच्या जूनमध्ये मी त्याला अपूर्णांकाची उजळणी घेतो. उजळणी! जे कधी झालंच नाही त्याची.

शासनाने हंगामी वसतिगृहं काढली आहेत. नाव वसतिगृह, पण आमच्या भागात बहुतेक ठिकाणी दोन वेळच्या जेवणाची सोय, झोपायला आजी-आजोबांकडे. तरी त्यानं पुष्कळ मुलं थांबतात, नावं ठेवायचं कारण नाही. प्रश्न मुलींचा आहे. नऊ-दहा वर्षांची मुलगी लहान भावाला सांभाळायला लागते. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, पाणी भरायचं, चूल पेटवायची, आई फडातून येईपर्यंत पीठ मळून ठेवायचं. तिला थांबवायचं म्हणजे घरातलं एक माणूस कमी करायचं. मी किती घरांत जाऊन बसलोय. आई म्हणते, 'सर, पोरीला ठिवते, पर बारक्याला तुमी सांबाळता का?' याला डी.एड.मध्ये उत्तर शिकवलेलं नाही.

आता माझ्याच जातीतलं, म्हणजे मास्तरांच्या जातीतलं एक सांगतो. स्टाफरूममध्ये अशा मुलांबद्दल आम्ही 'घरी वातावरण नाही' म्हणतो आणि विषय मिटतो. ते पोरगं उसाच्या मोळ्या मोजतं, टनाचा भाव आणि मुकादमाच्या वहीतली उचल तोंडी वजा करतं. बापाला फसवलंय का ते त्यालाच कळतं. वर्गात तेच गणित 'जर एका व्यापाऱ्याने' असं सुरू झालं की गप्प बसतं. मी फळ्यावर व्यापारी पुसून मुकादम लिहिला तर वर्ग हसला आणि मग सोडवलं. पण वार्षिक परीक्षेचा पेपर मी काढत नाही.

रोखठोक साहेब, आजोबांबद्दल आदर आहे. पण मनपाच्या, झेडपीच्या शाळेवर पैसे खर्च करा म्हणताय ते सरकारलाही सांगा. आमच्याकडे दोन शिक्षक आणि पाच वर्ग आहेत, त्यात एक जण कायम पोषण आहार, बीएलओची (मतदारयादीची) ड्यूटी आणि ऑनलाइन माहिती यात.

रोखठोक

खडूफळा सर, एक सरळ प्रश्न. तुमची स्वतःची मुलं कुठे शिकतात?

खडूफळा

तालुक्याच्या ठिकाणी, खासगी शाळेत. बायको तिकडेच राहते, मी रोज मोटरसायकलवर येऊन-जाऊन करतो. आमच्या केंद्रातल्या बहुतेक शिक्षकांचं हेच आहे. तुम्हाला जे म्हणायचंय ते बरोबरच आहे, पण त्याचा अर्थ तुम्ही लावताय त्याच्या उलटा निघतो. ज्याला परवडतं तो निघून गेला की मागे राहिलेल्या शाळेसाठी भांडायला कुणी उरत नाही. सरपंचाचं पोरगं शाळेत होतं तेव्हा गळकं छप्पर एका पावसाळ्यात दुरुस्त झालं होतं.

पानगळ

समाजशास्त्राची विद्यार्थिनी होते, आता बँकेत आहे, त्यामुळे जरा हौस भागवून घेते.

वर 'व्यापारी' आणि 'मुकादम' आलं त्यावरून समाजशास्त्रज्ञ बेसिल बर्नस्टाइन यांच्या लंडनमधल्या गटाचा एक प्रयोग आठवला. साधारण सात वर्षांच्या मुलांना खाण्याच्या पदार्थांची चित्रं दिली आणि सांगितलं, यांचे तुला हवे तसे गट कर. कामगार घरांतल्या मुलांनी गट केले ते आपल्या जगण्यावरून: हे आम्ही सकाळी खातो, हे आई करते, हे मला आवडत नाही. मध्यमवर्गीय मुलांनी केले ते पुस्तकातल्यासारखे: या भाज्या, हे समुद्रातून येतं, हे प्राण्यांपासून मिळतं. इथवर वाचून आपण म्हणू, बघा, दुसरी मुलं जास्त हुशार.

खरी मजा पुढे आहे. त्यांना पुन्हा सांगितलं, आता वेगळ्या तऱ्हेने गट कर. तेव्हा मध्यमवर्गीय मुलांतल्या बऱ्याच जणांनी 'आमच्या घरी हे खातात' असे गट केले. म्हणजे घरचं वर्गीकरण त्यांनाही येत होतंच. फक्त शाळेतल्या मोठ्या माणसाने काही विचारलं की आधी कुठलं उत्तर काढायचं, हे त्यांना सात वर्षांच्या वयात माहीत होतं. प्रश्नात ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. शाळा हे शिकवत नाही, पण मार्क याचेच देते.

फ्रान्समध्ये समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी याला सांस्कृतिक भांडवल म्हटलं. ते स्वतः दक्षिणेकडच्या एका खेड्यातले, वडील पोस्टात, आणि पुढे पॅरिसच्या सर्वांत नामांकित संस्थेत शिकले. म्हणजे रोखठोक यांच्या भाषेत धमक असलेले, वर आलेले. आणि आयुष्यभर त्यांनी हेच दाखवून दिलं की आपल्यासारखे थोडे वर येतात म्हणूनच ही व्यवस्था न्यायाची वाटते. चारजण वर आले की उरलेल्या शंभरांना सांगता येतं, दार उघडंच होतं, तुम्ही कमी पडलात. आणि ते शंभरजण ते मान्य करतात, हे जास्त वाईट. आमच्या बँकेत कर्ज घ्यायला आलेली बाई फॉर्म पुढे सरकवते आणि म्हणते, 'मला डोकंच नव्हतं हो अभ्यासात.' आठवीत लग्न झालेलं असतं.

इसार_काठ

म्युनिकहून. इकडचं लिहू का, विषयांतर होईल?

उंबरकाठ

लिहा की!

इसार_काठ

जर्मनी म्हटलं की फुकट शिक्षण, फुकट विद्यापीठ असंच डोळ्यांसमोर येतं. ते खरंही आहे. पण आमच्या बायर्न राज्यात मुलाचं पुढचं ठरतं ते चौथीत. जर्मन, गणित आणि आपल्या परिसर अभ्यासासारखा एक विषय, या तिघांची सरासरी. इकडे १ म्हणजे उत्तम आणि ६ म्हणजे नापास. सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे जाणारी शाळा. त्याखाली असेल तर रेआलशूल किंवा मिटेलशूल, जिथून बहुतेक मुलं कारागिरी-नोकरीच्या प्रशिक्षणाकडे जातात. मे महिन्याच्या सुरुवातीला ते प्रमाणपत्र हातात पडतं. मूल दहा वर्षांचं! पुढे गाडी बदलता येते, रस्ते ठेवलेत, प्रशिक्षणाची व्यवस्थाही उत्तम आहे, पण बदलणारे कमीच.

२००१ च्या अखेरीस पिसा या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे पहिले निकाल लागले तेव्हा या देशाला मोठा धक्का बसला होता. सरासरी कामगिरी तर बेताचीच निघाली, शिवाय घरची परिस्थिती आणि मुलाची कामगिरी यांचं नातं जिथे सर्वांत घट्ट होतं अशा देशांत जर्मनी निघाला. वाचनाची क्षमता सारखी असलेल्या दोन मुलांतही सुशिक्षित घरातल्याला गिम्नाझियमची शिफारस मिळण्याची शक्यता जास्त, हेही इथल्या अभ्यासांत पुन्हापुन्हा आलंय. शिक्षिका दुष्ट नसते. तिला वाटतं, या मुलाला घरून मदत मिळणार नाही, तिकडे गेला तर हाल होतील. मायेपोटीच ती त्याला खाली पाठवते.

आता आम्ही मराठी लोक यात कुठे? आमची जर्मन मोडकीतोडकी, तरी आमची मुलं बहुतेक गिम्नाझियममध्ये जातात. कारण आम्ही आयटीवाले, घरात दोन-दोन डिग्र्या, आणि नियम काय आहेत ते शोधून काढायची सवय. गणपतीत आरती झाली की बायका मोदकाच्या ताटाभोवती २.३३ वर चर्चा करतात. कुणाची शिकवणी चांगली, कुठली शिक्षिका तोंडी मार्क कमी देते. माझ्या मुलाच्या वर्गात एक तुर्की घरातला मुलगा होता. गणितात माझ्या मुलापेक्षा सरस. त्याच्या आईला मी तिसरीत विचारलं होतं, शिकवणी लावलीत का? ती म्हणाली, शाळा आहे ना. शाळेवर तिचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. तो मुलगा मिटेलशूलला गेला.

रोखठोक

छान लिहिलंय इसार_काठ. पण हेच मी म्हणतोय. तुम्ही पालक म्हणून कष्ट घेतलेत, त्यांनी घेतले नाहीत. यात व्यवस्थेचा काय दोष? माझ्या आजोबांनी कुठल्या व्यवस्थेची वाट पाहिली?

रंकाळ्यावरचा

रोखठोक भाऊ, आजोबांचं तुम्ही दोनदा काढलंत म्हणून विचारतो, राग मानू नका. वार लावून जेवले म्हणालात. म्हणजे आठवड्याचे सात दिवस सात घरं. ती घरं कुणाची होती? पुण्यात अनोळखी पोराला ताटावर बसवून घेणारी सात घरं कुणाच्या पोराला मिळत होती? गरिबी सगळ्यांना होती हो. पण गरीब भटजीच्या पोराला माधुकरी होती, आणि आमच्या पणज्याला त्याच आळीत पाणी प्यायला वरून ओंजळीत घ्यावं लागायचं. तुमच्या आजोबांनी कष्ट केलेच, ते कोण नाकारतंय. पण ती सात घरं हीसुद्धा एक व्यवस्थाच होती, फक्त तिचं नाव व्यवस्था नव्हतं.

हे ज्याला कळलं त्याने काय केलं बघा. शाहू महाराजांनी कोल्हापुरात नुसती शाळा काढून भागणार नाही, पोराला राहायला-जेवायला छप्पर पाहिजे, हे ओळखलं. १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, १९०६ ला मुस्लिम बोर्डिंग, १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, आणि जैन, लिंगायत अशी आणखी कितीतरी. जातीजातीची वेगळी बोर्डिंगं का, म्हणून आज कुणी नाक मुरडेल. पण तेव्हा ज्याचं ताट दुसऱ्याच्या पंगतीत चालत नव्हतं त्याला वेगळी पंगत मांडून द्यावी लागली. १९१७ ला संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पुढे भाऊराव पाटलांनी रयतमध्ये 'कमवा आणि शिका' केलं तेही त्याच वाटेवर.

आणि त्याच्याही आधी, १८८२ मध्ये, जोतीराव फुल्यांनी इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन दिलंय. सरकारचा महसूल येतो कुणब्याच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा मुख्य आक्षेप. वरच्यांना शिकवलं की विद्या आपोआप खाली झिरपेल, हे सरकारचं म्हणणं त्यांनी उडवून लावलं. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणाले. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले नेमा, ज्यांना नांगराची मूठ धरायची किंवा सुताराचा वाकस हातात घ्यायची लाज वाटणार नाही, असंही त्यात आहे. वर खडूफळा सरांनी व्यापारी पुसून मुकादम लिहिला ना, जोतीरावांना तसा मास्तर पाहिजे होता.

संपादक मंडळ

सूचना: चर्चा मुद्द्यांवर चालू आहे तोवर चालू द्यावी. कुणाच्या पूर्वजांवर वैयक्तिक शेरे नकोत. एक प्रतिसाद काढून टाकला आहे.

रोखठोक

(माझा नव्हता तो काढलेला प्रतिसाद.)

रंकाळ्यावरचा, सात घरांचा मुद्दा मी याआधी असा पाहिला नव्हता, विचार करतो. पण एक किलोमीटरवालं कुणीच बोललं नाही. देशाच्या शिक्षणावर नेमलेल्या कोठारी आयोगाने परिसर शाळाच सांगितली होती ना? प्रत्येकाने आपल्या जवळच्या शाळेत जावं. मग २०२४ चा बदल त्याच दिशेने नव्हता का?

पानगळ

नाही ना. कोठारी आयोगाची परिसर शाळा म्हणजे त्या भागातली सगळी मुलं एका शाळेत, बंगल्यातलं आणि चाळीतलं शेजारी शेजारी. आयोगाने साफ म्हटलं होतं की आहे त्या पद्धतीत शिक्षणच वर्गावर्गांतलं अंतर वाढवतंय. २०२४ च्या बदलात बंगल्यातल्या मुलाने कुठे जावं यावर अवाक्षर नव्हतं. चाळीतल्या मुलाने जवळच्या शाळेत जावं, एवढंच होतं. म्युनिकमध्ये निदान चौथीपर्यंत सगळे एका वर्गात बसतात, आपल्याकडे नर्सरीपासूनच बस वेगळी.

दोनचाकी

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितोय, उंबरकाठ ताईंनी लिंक पाठवली. चूकभूल माफ.

माझी मुलगी पंचवीस टक्क्यांत आहे, आता आठवीला. मी पार्सल पोचवायचं काम करतो, मिसेस एका सोसायटीत स्वयंपाकाला जाते. वर जे मोठं मोठं लिहिलंय त्यातलं सगळं समजलं नाही पण ज्वालामुखीचं समजलं.

शाळेबद्दल वाईट बोलणार नाही. मुलगी इंग्रजी बोलते, माझ्या बॉसपेक्षा चांगलं बोलते. एक-दोन मॅडम फार चांगल्या आहेत. पण पालकसभेला मी जात नाही, मिसेसला पाठवतो, ती पण मागे उभी राहून येते. सगळं इंग्लिशमध्ये चालतं. एकदा मॅडमनी विचारलं घरी इंग्लिश बोलता का, मुलीच्या ॲक्सेंटवर काम करा म्हणाल्या. मी होय म्हटलं. मुलगी तिच्या मैत्रिणींना आमच्या गल्लीत आणत नाही. वाढदिवसाला बोलावतात तिला, ती पोट दुखतंय सांगते. आम्ही पण जोर करत नाही, गिफ्ट काय न्यायचं हा प्रश्न असतो.

आता नववीची फी विचारली. माझे पाच महिन्यांचे पैसे होतात, तेही हप्ता न भरता. मुलगी म्हणते पप्पा मी मराठी शाळेत जाईन, टेन्शन घेऊ नका. ती हुशार आहे म्हणून विचारतो, काही स्कॉलरशिप असते का? आणि जुन्या शाळेने दाखला अडवला तर काय करायचं, कारण त्यांनी पुस्तकांचे काहीतरी बाकी काढलेत.

खडूफळा

दोनचाकी दादा, तुमच्या मुलीसाठी सांगतो, नीट वाचा.

आठवीत एनएमएमएस नावाची परीक्षा असते. पास झालं आणि यादीत नाव आलं तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. माझ्या शाळेतली मुलं यात लागली आहेत, मी स्वतः जादा तास घेतो. पण ही परीक्षा सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्याच मुलांना देता येते. तुमची मुलगी विनाअनुदानित शाळेत आहे, म्हणून तिला बसता येणार नाही. उत्पन्न तेच, घर तेच. मनपाच्या शाळेत असती तर बसली असती.

दुसरं, तुम्ही एससी प्रवर्गात असाल तर नववी-दहावीला मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती असते. नव्या शाळेत नाव घातलं की तिथल्या क्लार्कला पहिल्याच आठवड्यात विचारा, नंतर पोर्टल बंद होतं.

दाखल्याची काळजी करू नका. नववी-दहावीला दाखला नसला तरी वयानुसार प्रवेश द्यावा असा २०२१ चा शासन निर्णय आहे. जन्माचा दाखला आणि आधार घेऊन जा. मुख्याध्यापक ऐकत नसतील तर गटशिक्षणाधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी बोलू नका, पोच घ्या.

दोनचाकी

धन्यवाद सर. जातीचा दाखला आहे. एनएमएमएसचं वाचून वाईट वाटलं पण ठीक आहे.

इसार_काठ

दोनचाकी दादा, मुलीला विज्ञान-गणित मराठीतून जड जाईल म्हणून सांगते, अनुदानित शाळेत सेमी-इंग्रजीची तुकडी असेल तिथेच बघा. ते दोन विषय इंग्रजीतच राहतील, बाकी मराठीतून. माझ्या भाचीचं असंच केलं होतं, सहा महिने त्रास झाला, इतिहासाची उत्तरं लिहिताना जास्त. इतिहासासाठी शिकवणी लावायला हवी असेल तर मी आठवड्यातून दोनदा ऑनलाइन बसेन, खरंच. व्यनि (वैयक्तिक निरोप) करा.

रोखठोक

दोनचाकी, पुण्यात माझे एक स्नेही अनुदानित शाळेच्या संस्थेवर आहेत. सेमीच्या तुकडीबद्दल विचारून ठेवतो. पुस्तकांचं बाकी किती काढलंय ते व्यनित कळवा.

उंबरकाठ

दादा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. खडूफळा सर, एनएमएमएसचं मलाही माहीत नव्हतं. एवढी वर्षं अर्ज भरतेय आणि पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी हे कुठल्याच पालकाला सांगितलं जात नाही.

आता एक काम करूया. पिंपरी-चिंचवड, पुणे, ठाणे, नाशिक, जिथे कुठे असाल तिथल्या अनुदानित शाळांची नावं लिहा, जिथे नववीला सेमीची तुकडी आहे आणि बाहेरच्या मुलांना घेतात. सोबत तीन गोष्टी: वर्षाचा खरा खर्च, नववीच्या जागा कधी भरतात, आणि इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांना मराठी लिहिण्यासाठी वेगळी मदत मिळते का. खासगी शाळांच्या तक्रारी इथे नकोत, त्यासाठी जुना धागा आहे. मी यादी वहीत उतरवून घेते, मार्चमध्ये वस्तीतल्या आठवीच्या पालकांची बैठक ठेवलीय.

चिवचिव

चिंचवड स्टेशनजवळची एक माहीत आहे, उद्या फोन करून सांगते. आमच्या कामवाल्या मावशींचा मुलगा पण सातवीत आहे, पंचवीस टक्क्यांतलाच. त्याला आत्ताच आठवीला अनुदानित शाळेत घातलं तर एनएमएमएसला बसता येईल का?

खडूफळा

येईल. सातवीला ५५ टक्के लागतात, एससी-एसटीला ५० चालतात. जूनच्या आत नाव घाला, परीक्षेचा फॉर्म शाळेतूनच भरला जातो.